एल्कचा वॉलो ताजा आहे की जुना, कसं ओळखायचं

अमेरिकेतल्या कोलोरॅडोत सप्टेंबरमध्ये धनुष्याने एल्कची, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणाची, शिकार करणार असाल तर आधी वॉलो शोधा. वॉलो म्हणजे नर एल्क माजावर आला की ज्या चिखलाच्या डबक्यात मुतून लोळतो ते, आपल्या म्हशी डुंबतात तसंच, फक्त वास भयंकर.

घरबसल्या सॅटेलाइट मॅपवर उत्तरेकडच्या उतारावर दाट झाडीत छोटा हिरवागार ठिपका दिसतोय का बघायचं, तिथे बहुतेक झरा असतो. असे चार-पाच ठिपके मार्क करून ऑगस्टच्या शेवटी चालत जाऊन बघायचे, आणि निम्मे तरी कोरडे निघणार हे धरूनच चला.

पाणी गढूळ असेल तर ताजं, निवळून वर पानं तरंगत असतील तर सोडून द्या. मग बाजूची झाडं बघा, एल्क बाहेर आला की खोडाला अंग घासतो, तो चिखल बोटाने दाबून बघा, ओला असेल आणि त्यात केस चिकटलेले असतील तर काम झालं. खुरांच्या ठशात गडबड होते कारण तिथे गुरंही चरतात, गाईचा ठसा जास्त गोल असतो.

बसायची जागा वाऱ्यावर ठरवा, म्हणजे तुमचा वास वॉलोकडे जाणार नाही. दुपारी ऊन तापलं की हवा उतारावरून वर चढते म्हणून वॉलोच्या वर बसायचं, संध्याकाळी गार हवा खाली येते तेव्हा खाली. आणि उगाच रोज रोज जाऊन बघू नका, तुमचा वास राहतो तिथे.