मृगाआधी जुनी शिडाची बोट पाहायला जाताना

पुतण्या मर्चंट नेव्हीत आहे. मार्चमध्ये त्याचा फोन आला, "काकाजी, मुंबईत जुनी यॉट पाहून ठेवली, शिडाची, अठ्ठावीस फुटी. घ्याच्या आधी तुम्ही एकदा पाहाले या." मी पवनीकडच्या खेड्यात चाळीस वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त केले. समुद्र जन्मात दोनदा पाहिला. पण बोट चालवणारे त्याच्याकडे ढीगभर आहेत, त्याला हवा होता जुना माल ओळखणारा माणूस. मग महिनाभर वाचलं, विचारलं, नदीकाठी जाऊन ठोकून पाहिलं. त्यातून निघालेली ही तयारी, आणखी कोणाच्या कामी पडावी म्हणून लिहितो आहे.

पहिली गोष्ट तारखेची. मुंबईच्या पाण्यात पावसाळ्यात शिडाच्या बोटी ठेवत नाहीत. मृग लागायच्या आत त्या क्रेनने उचलून काठावर घेतात. म्हणून जायचं ते मे अखेरीस, बोट टेकूवर उभी असताना. बोटीचं खरं वय तळाला दिसतं, आणि तळ पाण्यात असेल तर आपण फक्त वरचा रंग पाहून परत येतो. शिवाय चार महिने ती काठावर ठेवायचं भाडं मालकाच्या डोक्यावर बसणार असतं, तेव्हा भावही जरा नरम असतो. फोनवरच दोन अटी घालून ठेवायच्या: आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही, आणि तळाला नवा रंग मारायचा नाही. दुसऱ्या अटीमागे माझा स्वतःचा अनुभव आहे. एका दलालाकडून मी जुना ट्रॅक्टर घेतला होता, लग्नातल्या नवरदेवासारखा रंगवलेला. पहिल्याच नांगरटीत रेडिएटरमधून बुडबुडे निघाले. हेडला चीर होती आणि चिरेवर रंग होता.

मग ओळख. मालक म्हणतो, इंग्लंडची आहे, १९८४ची. म्हणू दे. बैलबाजारात मालकाने सांगितलेलं वय कोण ऐकतं? ओठ वर करून दात पाहतात, चार दाती की जुळला. बोटीचे दात म्हणजे मागच्या फळीवर उजव्या कोपऱ्यात वरच्या बाजूला कोरलेला हल नंबर. अमेरिकेत बांधलेल्या बोटींवर तो नोव्हेंबर १९७२पासून असतो, बारा अक्षरं-आकड्यांचा. त्यात बांधणाऱ्याची खूण आणि वर्ष असतं. युरोपात तो १९९८पासून सक्तीचा झाला आणि त्यात आधी देशाची अक्षरं येतात. म्हणजे मालकाची बोट खरंच १९८४ची इंग्लिश असेल तर तिथे नंबर नसला तरी शंका घ्यायचं कारण नाही. उलट अमेरिकन म्हणून दाखवली आणि कोपरा गुळगुळीत घासलेला निघाला, तर तिथेच खाली बसून चहा मागवायचा आणि विचारायचं.

नंबर नसेल तर मोजपट्टी काढायची. लांबी, रुंदी आणि कीलच्या, म्हणजे तळाखाली उतरलेल्या जड पात्याच्या, बुडापर्यंतची खोली मोजायची. कील एकच आणि अरुंद आहे, लांबलचक आहे, की दोन पायांसारख्या दोन आहेत? सुकाणू मागच्या फळीला टांगलंय की बुडाखाली? डोलकाठी डेकवर टेकते की आत तळापर्यंत जाते? काठ्या किती, बाजूच्या खिडक्या किती आणि कशा आकाराच्या? एवढं वहीत असलं की त्या मॉडेलच्या जुन्या नकाशाशी ताडून पाहता येतं. मोठ्या शिडावर त्या जातीच्या बोटीचं चिन्ह असतं, पण त्यावर एकट्यावर भिस्त ठेवू नये. दुसऱ्याचं उतरलेलं शीड घेऊन लावणारे पुष्कळ. इंजिनाच्या प्लेटवरचं वर्षही इंजिनाचंच, बोटीचं नव्हे.

पिशवीत काय घ्यायचं तर बॅटरी, छोटा आरसा, खडू, मोजपट्टी, कापसाचा बोळा, प्लास्टिकच्या मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर आणि मळले तरी चालतील असे कपडे. स्क्रू-ड्रायव्हरची मूठ ठोकायला. जुन्या फायबरच्या बोटींच्या डेकमध्ये बहुधा दोन थरांच्या मध्ये बाल्सा लाकूड किंवा प्लायवूड भरलेलं असतं. एखादा बोल्ट ढिला झाला की तिथून पाणी शिरतं आणि आतलं लाकूड कुजतं, वरून मात्र काही दिसत नाही. ठोकलं की टणक आवाज यायला हवा. भद्द आवाज आला तर खडूने गोल काढायचा, मग चारी बाजूंनी ठोकत तो गोल कुठवर वाढतो ते पाहायचं. डोलकाठीच्या बुडाशी, कठड्याच्या खांबांभोवती आणि जिथे पाय ठेवल्यावर डेक दबतो तिथे आधी. कान तयार करायला मी मच्छीमार संस्थेची उलटी ठेवलेली फायबरची बोट ठोकून पाहिली. माझा एक ढिवर मित्र वैनगंगेच्या रेतीत टरबुजाची वाडी लावतो. तो हसून म्हणाला, "टरबूज भद्द वाजलं त पिकलं, तुही बोट भद्द वाजली त सडली. कान उलटा लाव बाप्पा." याहून चांगली शिकवणी मला कुठे मिळाली नाही.

तळाला फोड आलेत का ते उजेड तिरपा पाडून पाहायचं. फायबरमध्ये पाणी मुरून येणारे हे फोड फोडले तर आंबट, व्हिनेगरसारखा वास येतो. चार-दोन फोड म्हणजे भाव पाडायचं कारण, अख्खा तळ भरला असेल तर मोठं खर्चिक काम. पण फोडांनी बोट सहसा बुडत नाही. मला धास्ती वाटते ती कील आणि बोटीच्या जोडाची. तिथे पुढच्या बाजूला चीर, किंवा गंजाचं तांबडं पाणी ओघळलेलं दिसलं, तर आतल्या फळ्या उचलून कीलचे बोल्ट पाहिल्याशिवाय पुढे बोलायचं नाही. सुकाणू दोन्ही हातांनी हलवून पाहायचं. खडखड ऐकू येतेच.

आता तारा. डोलकाठी स्वतःच्या जोरावर उभी नसते, तिला स्टीलच्या तारांनी ताणून धरलेलं असतं. या तारा दहा ते पंधरा वर्षांत बदलाव्यात असं धरून चालतात, म्हणून पावती मागायची. पावती नसेल तर त्या जुन्याच समजून नव्याचा खर्च किमतीतून वजा करायचा. कापसाचा बोळा तारेवरून फिरवायचा, तुटलेला पदर असेल तिथे कापूस अडकतो. उघड्या बोटाने फिरवू नये, बोट कापतं. तारा ज्या पट्ट्यांना बांधलेल्या असतात त्या पट्ट्या डेकमधून आत उतरतात. नेमक्या त्या फटीत, दिसत नाही तिथे, स्टील कुरतडलं जातं. आरसा आणि बॅटरी त्याचसाठी. अॅल्युमिनियमच्या काठीच्या बुडाशी पांढरी भुकटी दिसली तर तोही गंजच.

इंजिन माझ्या हातचं. आधी हात लावून थंड असल्याची खात्री करायची. डिपस्टिकवरचं, म्हणजे तेल मोजायच्या काडीवरचं, तेल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. बोट काठावर असताना इंजिनाला बादलीतून नाहीतर नळीने पाणी पुरवूनच ते चालवायचं, नाहीतर पाण्याच्या पंपातला रबरी पंखा जळतो. निळा धूर तेलाचा. पांढरा धूर थोड्या वेळात थांबला नाही तर डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी आत येतंय. काळा म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. धुराच्या नळीतून पाणी पडतंय का, हेही पाहायचं, बोटीच्या इंजिनात ते पडायला हवं. वायर सोलून तांबं हिरवं पडलेलं दिसलं तर सगळी वायरिंग नवी धरायची. पाणी आत-बाहेर करणारे कॉक पितळेचे असून गुलाबी पडले असतील तर त्यातलं जस्त निघून गेलंय, असा कॉक हातात तुटून येऊ शकतो. कपाटांच्या आत एका उंचीवर आडवी डागाची रेघ असेल, तर बोट कधीतरी तिथवर पाण्याने भरली होती.

शिडाचं कापड बोटांत चुरगाळायचं. नवं कडक वाजतं, उतरलेलं जुन्या लुगड्यासारखं मऊ लागतं. शिवणीत नख घालून ओढलं आणि दोरा तुटला तर उन्हाने खाल्लाय.

कागद पुतण्या पाहील: मालकाचं नाव, नोंदणी, आणि परदेशी बोट असेल तर कस्टमची बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कागद.

एवढं करून बोट आवडली तरी त्या दिवशी इसार द्यायचा नाही. आधी सर्व्हेयरची तपासणी, आणि पैशाचा मोठा हिस्सा पावसाळा संपून ती पाण्यात उतरल्यावर, शीड चढवून पाहिल्यावर. हे पुतण्याला दोनदा सांगून झालंय. विदर्भ एक्सप्रेसचं भंडारा रोडवरून तिकीट काढलंय, आणि चेकबुक त्याच्या काकूने कपाटात ठेवून किल्ली आपल्याजवळ घेतली आहे.