रॅप्टर घेतलीत, आता बोट ओढायची आहे? आधी दारावरचा स्टिकर वाचा

मिशिगनमध्ये येऊन स्थिरावणाऱ्या आपल्या मंडळींची वाटचाल साधारण ठरलेली असते. आधी सेडान, मग घर, मग एखाद्या उन्हाळ्यात कुणाच्या तरी बोटीतून लेकवर चक्कर, आणि पुढच्या वसंतात ड्राइव्हवेमध्ये पिकअप. तीही साधी नाही, फोर्डची रॅप्टर किंवा रॅमची टीआरएक्स. हौसेला मोल नाही, त्यामुळे त्यावर मला काही म्हणायचं नाही. पण मग हमखास विचारलं जातं, "सातशे हॉर्सपॉवर आहे, म्हणजे कुठलीही बोट ओढेल ना?" नाही ओढणार. निदान कायद्यात आणि सुरक्षितपणे तरी नाही.

२०२१ पासूनच्या चार दारी रॅप्टरची ओढण्याची मर्यादा ८,२०० पौंड आहे. ७०२ हॉर्सपॉवरच्या टीआरएक्सची ८,१००. उलट रॅप्टरच्याच ३.५ लिटर इंजिनाची फोर्डची साधी एफ-१५०, योग्य टोइंग पॅकेजसह घेतली तर, १३ हजार पौंडांच्या वर जाते, आणि तिची ताकद रॅप्टरपेक्षा कमी असते! कारण इंजिनात नाही, खाली आहे. रॅप्टरचं सस्पेन्शन वाळूत आणि खड्ड्यांवर उड्या मारायला बनवलंय: मऊ स्प्रिंगा, लांब हालचाल, मागे पाट्यांच्या स्प्रिंगांऐवजी गुंडाळीच्या (कॉइल), आणि जाड ऑफ-रोड टायर. हेच गुण मागे वजन अडकवलं की आड येतात. गाडीचा मागचा भाग बसतो, पुढची चाकं हलकी होतात, स्टीअरिंग पोकळ वाटायला लागतं.

पण खरी अडचण ओढण्याच्या मर्यादेच्या बरीच आधी येते. ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीवर पिवळा-पांढरा स्टिकर असतो, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालतील ते लिहिलेलं असतं. त्याला पेलोड म्हणतात. तुमच्या गाडीचा आकडा हाच. ब्रोशरमधला नाही, सेल्समनने सांगितलेला तर नाहीच. रॅप्टरला तो १,४०० पौंडांच्या आसपास असतो, टीआरएक्सला १,३१०. सनरूफसारख्या चैनी घेतल्या असतील तर आणखी कमी. ट्रेलरच्या दांड्याचा जो भार हिचवर, म्हणजे गाडीच्या मागच्या जोडावर पडतो, म्हणजे टंग वेट, तोही याच आकड्यातून वजा होतो, आणि नवीन माणसाला हे कुणी सांगत नाही.

हिशोब करून बघू. बोट कागदावर ४,३०० पौंडांची. ही कोरडी बोट झाली. साठ गॅलन पेट्रोल म्हणजे ३६० पौंड. ट्रेलर स्वतः १,२०० पौंड. बॅटऱ्या, नांगर, जॅकेटं, दोर, मुलांची ट्यूब हे सगळं ३०० धरा. बेरीज ६,१६०. मर्यादा ८,२००, म्हणजे दोन हजारांची ऐसपैस जागा वाटते. आता टंग वेट दहा टक्के धरलं तर ६१६. गाडीत चार मोठी माणसं, प्रत्येकी १६०, म्हणजे ६४०. मागच्या डाल्यात कूलर, बॅगा, खुर्च्या २००. एकूण १,४५६. पेलोड संपला, वर ५६ पौंड जास्त, आणि अजून सासूबाई गाडीत बसायच्या आहेत.

ब्रोशरमधला आकडा खोटा नसतो. कंपन्या तो जे२८०७ नावाच्या मानकाप्रमाणे काढतात. त्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमचा लांबलचक चढ एसी चालू ठेवून चढायचा असतो. पण त्या चाचणीत गाडीत १५० पौंडांची दोनच माणसं धरलेली असतात. आपलं कुटुंब त्यात बसत नाही.

टंग वेट कमी करून हिशोब जुळवायचा मोह होतो, तो टाळा. बोटीच्या ट्रेलरला पाच ते दहा टक्के, बंद किंवा कॅम्पर ट्रेलरला दहा ते पंधरा टक्के भार पुढे हवाच. तो कमी झाला की हायवेवर ट्रेलर झोकांड्या खायला लागतो. तसं झालं तर जोरात ब्रेक मारू नका. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टीअरिंग सरळ धरा. ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर फक्त तेवढे गाडीतल्या ब्रेक कंट्रोलरवरून हाताने लावा. माणसं कमी करायची असतील तर दुसरी गाडी मागून आणा, यात कमीपणा काही नाही. शंका असेल तर सगळं लादून ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर जा. थोडक्या डॉलरांत प्रत्येक आसावरचा भार छापून मिळतो.

बोटीच्या ट्रेलरला बहुधा सर्ज ब्रेक असतात. गाडीने ब्रेक मारला की ट्रेलर पुढे ढकलला जातो आणि त्या दाबाने त्याचे ब्रेक लागतात. वायरिंग नसल्याने पाण्यात टिकतात. गोम रिव्हर्समध्ये आहे: चढावर मागे ढकलताना हेच ब्रेक आपोआप लागू शकतात. म्हणून अशा ट्रेलरला पाच तारांचा प्लग असतो, पाचवी तार रिव्हर्स लाइटकडून येते आणि ब्रेक सोडवते. तुमच्या पिकअपला मागे सात पिनांचं सॉकेट असेल. पाचाचं ॲडॉप्टर आणा. लोक चार पिनांचं लावतात, दिवे लागतात म्हणून खूश होतात, आणि मग घरच्या चढाच्या ड्राइव्हवेवर "गाडीत दम नाही" म्हणून वैतागतात.

हिचचा बॉल ट्रेलरच्या कपलरवर, म्हणजे बॉलवर बसणाऱ्या वाटीवर कोरलेल्या मापाचाच हवा. दोन इंची बॉल २ ५/१६ इंचाच्या कपलरमध्ये बसल्यासारखा वाटतो आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात निसटतो. साखळ्या दांड्याखालून एकमेकींवर फुलीसारख्या घ्या, म्हणजे कपलर सुटलाच तर तो त्यांच्यावर पडेल, रस्त्यावर नाही.

ट्रेलरच्या टायरांकडे कुणी बघत नाही. त्यांच्यावर एसटी अक्षरं असतात, आणि त्यांतल्या बऱ्याच टायरांची वेगमर्यादा ताशी ६५ मैल असते. शुक्रवारी संध्याकाळी आय-७५ वरून अप नॉर्थ निघालेली गर्दी ८० ने जाते आणि रॅप्टरला ८० म्हणजे काहीच वाटत नाही. गाडीला नाही वाटत, टायरला वाटतं. बाजूवर डॉट कोडच्या शेवटी चार आकडे असतात: आठवडा आणि वर्ष. १८१९ म्हणजे २०१९चा अठरावा आठवडा. सहा वर्षांच्या वरचा टायर नक्षी कितीही चांगली दिसत असली तरी बदला. जादा चाक बरोबर घ्या आणि तुमच्या गाडीचा पाना त्याच्या नटांना बसतो का ते घरीच बघा. पेट्रोलला थांबाल तेव्हा ट्रेलरच्या हबजवळ, म्हणजे चाकाच्या मध्याजवळ, हात नेऊन बघा. एक बाकीच्यांपेक्षा फारच तापला असेल तर बेअरिंग खराब होत चाललंय.

मॅकिनॉ पूल ओलांडणार असाल तर टोल आसांवर लागतो, ट्रेलरचे आसही मोजतात. वारा असेल तर पुलावर ट्रेलरवाल्यांसाठी वेगळे नियम लागू होतात, निघण्याआधी बघा.

कागदपत्रं लवकर उरकतात. बोट आणि ट्रेलर, दोन्हींची नोंदणी सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑफिसात वेगवेगळी होते. ट्रेलरची नंबरप्लेट कायमची मिळते, बोटीची नोंदणी तीन वर्षांनी नवी करावी लागते. जन्म ३० जून १९९६ नंतरचा असेल तर बोट चालवायला बोटिंग सेफ्टी प्रमाणपत्र लागतं. आपल्यातल्या नवीन आलेल्यांत असे पुष्कळ असतात. विम्याचं मात्र एजंटला नीट विचारा. गाडीच्या पॉलिसीत जोडलेल्या ट्रेलरमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान बहुधा येतं, पण ट्रेलरचं आणि बोटीचं स्वतःचं येत नाही. भाड्याची पिकअप घेऊन ओढायचा बेत असेल तर करार वाचा, बहुतेक कंपन्यांना ते मान्य नसतं.

रिव्हर्सचा सराव रॅम्पवर, म्हणजे बोट पाण्यात सोडायच्या उतारावर करू नका. रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये करा. हात स्टीअरिंगच्या तळाशी ठेवा; मग हात डावीकडे नेला की ट्रेलर डावीकडे जातो. छोटा ट्रेलर सोपा असेल असं वाटतं, उलट तोच पटकन आडवा होतो. ट्रेलर मागे घ्यायला मदत करणाऱ्या गाडीतल्या बॅकअप असिस्टच्या गोल बटणाने काम होतं, पण आधी हाताने शिका.

रॅम्पवर सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे उतारावर थांबून सामान भरणं. पट्टे सोडणं, दिव्यांचा प्लग काढणं, दोर बांधणं, ड्रेन प्लग, म्हणजे बोटीच्या तळातल्या पाणी सोडायच्या भोकाचं बूच, लावणं हे बाजूच्या जागेत उरकून मगच रांगेत या. बोट ट्रेलरवर ओढून धरणाऱ्या विंचचा पट्टा मात्र बोट पाण्यात टेकेपर्यंत सोडू नका. रात्री मागे घेताना हेडलाइट बंद ठेवा, मागच्यांच्या डोळ्यांवर येतात. शेवाळलेल्या रॅम्पवर फोर-व्हील लो लावा. रॅप्टर इथे खरोखर कामाची. परत निघताना ड्रेन प्लग काढून सगळं पाणी सोडा, वनस्पती झटका. २०१९ पासून मिशिगनमध्ये प्लग काढल्याशिवाय बोट रस्त्यावर नेणं बेकायदा आहे, कारण झेब्रा मसल्स नावाच्या शिंपल्यांसारखे जीव असेच एका तळ्यातून दुसऱ्यात जातात.

आणि बोट घेण्याआधी तुमच्या एचओएचे, म्हणजे वसाहतीच्या घरमालक संघटनेचे नियम वाचा. अनेक वसाहतींत ड्राइव्हवेमध्ये ट्रेलर एक-दोन रात्रींपेक्षा जास्त ठेवू देत नाहीत. मग हिवाळ्यासाठी स्टोरेज भाड्याने घ्यावं लागतं. त्याची चौकशी ऑगस्टमध्येच करा, थंडी पडल्यावर आतली जागा मिळत नाही.