वर्गात ट्वाइन: फाटे फुटणारी गोष्ट मुलांकडून लिहून घेताना

ट्वाइन म्हणजे वाचकाच्या निवडीप्रमाणे पुढे जाणाऱ्या गोष्टी लिहिण्याचं सॉफ्टवेअर. ते फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं आणि त्यासाठी कोडिंग यावं लागत नाही. पॅसेजच्या, म्हणजे गोष्टीच्या एका तुकड्याच्या, चौकोनात मजकूर लिहायचा आणि पुढच्या पॅसेजचा दुवा असा द्यायचा: [[आत डोकाव->विहीर]]. 'विहीर' नावाचा पॅसेज नसेल तर तो आपोआप तयार होतो. आठवी-नववीची मुलं एवढं एका तासात सहज शिकतात.

तरी पहिला तास कागदावरच घ्या. दर वळणावर दोन पर्याय आणि अशी चार वळणं ठेवली, तर 31 पॅसेज होतात. मुलं मध्येच दमतात आणि शेवट दोन ओळींत उरकतात. म्हणून दोन वाटा एका वळणानंतर पुन्हा एकत्र आणायला शिकवा. आठ ते दहा पॅसेज, प्रत्येकी पन्नासेक शब्द, शेवट दोन किंवा तीन. सुरुवातीला एवढं पुरे.

पर्यायांवर मात्र खूप वेळ द्या. 'डावीकडे जा' आणि 'उजवीकडे जा' यांत निवडण्यासारखं काहीच नाही. 'आजीला पत्र दाखव' आणि 'पत्र दप्तरात लपव' म्हटलं की पात्राचा स्वभाव ठरतो, पुढचा पॅसेजही सुचतो.

मराठीत एक अडचण हमखास येते. वाचकालाच नायक केलं की 'तू आलास' की 'तू आलीस', हे ठरवावं लागतं. त्यावर 'तुम्ही आलात' चालतं. 'तू दार उघडलंस', 'तू पुढे जाशील' अशी रचना तर जास्तच सुंदर वाटते, कारण वाचक मुलगा असो वा मुलगी, वाक्य बदलत नाही. हा व्याकरणाचा धडा मुलं आनंदाने गिरवतात.

पॅसेजची नावं छोटी, जोडाक्षरांशिवाय ठेवा. एकाने 'विहीर' आणि दुसऱ्याने 'विहिर' लिहिलं की रिकामा नवा चौकोन उगवतो. 'दुसऱ्या'मधला अर्धा र दोन कीबोर्डांवर वेगळ्या पद्धतीने उमटतो. दिसायला सारखा, पण ट्वाइनच्या लेखी वेगळा.

ब्राउझरमधलं ट्वाइन गोष्ट त्याच संगणकाच्या ब्राउझरमध्ये ठेवतं. लॅबमध्ये कुणी ब्राउझरचा डेटा पुसला की सगळं गेलं. तास संपायच्या पाच मिनिटं आधी 'पब्लिश टू फाइल' करून एचटीएमएल फाइल पेनड्राइव्हवर घ्या. तीच फाइल नंतर परत इम्पोर्ट करता येते.

शेवटी गोष्ट शेजारच्याला मोठ्याने वाचायला द्या. लिहिणाऱ्याने मध्ये बोलायचं नाही, फक्त टिपून घ्यायचं. वाचणारा जिथे जराही न थबकता पर्याय निवडतो, ते वळण पुन्हा लिहायला सांगा.