पक्षीघरातले उंदीर: आधी दाणे, मग जाळी, मग सापळा

पक्षीघरात उंदीर दिसला की बहुतेक जण पहिल्यांदा दुकानातून औषधाची वडी आणतात. उंदीर मरतात, पंधरा दिवस शांतता असते आणि पुन्हा लेंड्या दिसू लागतात. कारण उंदीर तुमच्या बजीसाठी (बाजारात यालाच सरसकट लव्हबर्ड म्हणतात) आलेला नसतो, तो राळ्याच्या दाण्यांसाठी आलेला असतो. वाटीत रात्रभर दाणे राहिले की मेलेल्याच्या जागी दुसरा येणारच. म्हणून आधी रात्रीचे दाणे बंद करायचे, मग शिरायच्या वाटा बुजवायच्या आणि शेवटी आत उरलेले पकडायचे. हा क्रम उलटा केला की मेहनत वाया जाते.

नक्की कोण येतंय?

ट्रेमधल्या लेंड्या नीट बघा. तांदळाच्या कणीएवढ्या, टोकदार, 3 ते 6 मिलिमीटरच्या काळ्या लेंड्या घरातल्या लहान उंदराच्या. सेंटीमीटरभर किंवा त्याहून मोठ्या असतील तर मोठा काळा उंदीर येतोय. तो जाळीवर, पाइपावर, नारळावर सहज चढतो आणि झोपलेल्या पक्ष्याला मारूनही खातो. लेंडीच्या एका टोकाला पांढरा ठिपका असेल तर ती पालीची, तिची चिंता नको. पक्षीघराच्या बाहेर मातीचा ताजा ढीग आणि मुठीएवढं बीळ दिसलं तर ती घूस. लांब सोंडेसारखं तोंड आणि उग्र वास असलेली चिचुंद्री उंदरांच्या जातीतली नाही. ती मुख्यतः झुरळं, किडे खाते, पण खाली पडलेल्या पिल्लाला सोडत नाही.

वाट शोधायची सोपी युक्ती म्हणजे रांगोळी. संध्याकाळी भिंतीच्या कडेने आणि दाराच्या उंबऱ्याशी वीतभर रुंद, पातळ पट्टा टाका. पक्ष्यांच्या आवाक्याबाहेरच टाका. सकाळी त्यात पावलांचे ठसे आणि मधोमध ओढलेल्या शेपटीची रेघ दिसते. दोन-तीन सकाळी बघितलं की कुठून येतो, कुठे जातो ते कळतं. उंदीर मोकळ्या जागेतून क्वचितच जातो, भिंतीला अंग घासत जातो. त्यामुळे जुन्या वाटेवर भिंतीला तेलकट काळपट पट्टाही पडलेला असतो.

लहान उंदीर मोठ्या पक्ष्याला सहसा चावत नाही, म्हणून बरेच जण दुर्लक्ष करतात. तसं करू नका. एक उंदीर दिवसाला फक्त 3 ग्रॅमच्या आसपास खातो, पण चाळीस-पन्नास लेंड्या टाकतो आणि चालता चालता दाण्यांवर लघवीचे थेंब सोडतो. त्यातून साल्मोनेलासारखे जंतू पक्ष्यांच्या पोटात जातात. शिवाय अंधारात काहीतरी अंगावरून गेलं की कॉकटील (तुरेवाले छोटे पोपट) घाबरून जाळीवर धडकतात, पंखांची नवी पिसं तुटून रक्त येतं. अंड्यावर बसलेली मादी उठून गेली तर रात्रीत अंडी गार पडतात. आणि उंदरामागे साप येतो. कोकणात पक्षीघरात धामण किंवा नाग सापडतो तो बहुधा आधी उंदराच्या वासाने आलेला असतो.

रात्रीचे दाणे

बजीला दिवसाला दीड-दोन चहाचे चमचे दाणे पुरतात, कॉकटीलला साधारण दीड मोठा चमचा. सहा बजी असतील तर सकाळी दहा-बारा चमचे घाला. संध्याकाळी वाटीत किती उरतं ते आठवडाभर बघा आणि तेवढं कमी करा. वाटीवर साचलेला कोंडा फुंकून मगच ठरवा, कारण नुसत्या टरफलांनी भरलेली वाटी दाण्यांनी भरल्यासारखी दिसते. पुष्कळ पक्षी या चुकीनेही उपाशी राहतात.

दिवेलागणीला पक्षी झोपायच्या जागी बसले की वाट्या बाहेर काढा, ट्रे झाडा, खाली पडलेले दाणे उचला. पाणी राहू द्या. सकाळी मात्र उजाडताच वाट्या परत ठेवल्या पाहिजेत. झेब्रा फिंचसारखा लहान जीव दिवसाउजेडी फार वेळ उपाशी राहू शकत नाही. सकाळी उठायला उशीर होत असेल, किंवा घरट्यासाठी लावलेल्या मडक्यात पिल्लं असतील, तर वाटी काढण्याऐवजी टांगती करा. छपरापासून पातळ तारेवर, जाळी आणि दांड्या यांपासून किमान दीड फूट दूर. पातळ तारेवरूनही उंदीर उतरतो, म्हणून वाटीच्या वर फूटभर व्यासाची गुळगुळीत पत्र्याची तबकडी आडवी बसवा. पक्षी उडत येऊन बसतात, उंदीर तबकडीच्या कडेवरून घसरतो.

साठ्याचे राळे, बाजरी, सूर्यफूल पत्र्याच्या किंवा स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. प्लास्टिकची बरणी उंदीर एका रात्रीत कुरतडतो, गोणपाटाचं तर बोलायलाच नको. दाण्यात लेंड्या सापडल्या तर ते चाळून वापरू नका. चाळणीने लेंड्या जातात, लघवी राहते. सगळा साठा फेका. महाग वाटतं, पण आजारी पक्ष्याचा उपचार त्याहून महाग पडतो.

जाळी आणि फटी

शिसपेन्सिल ज्या भोकातून सहज जाते, त्यातून उंदराचं पिल्लू जातं. हेच माप डोक्यात ठेवा. आपल्याकडे पक्षीघराला सर्रास अर्धा इंच जाळी लावतात. त्या चौकोनातून लहान उंदीर आत येतो. पाव इंची, म्हणजे साधारण 6 मिलिमीटरची वेल्डेड जाळी हवी. तिची तार पातळ असते, मोठी चोच ती तोडू शकते. त्यामुळे मोठ्या पोपटजातीच्या पक्ष्यांसाठी आतून जाड तारेची अर्धा इंच जाळी आणि बाहेरून पाव इंची, असा दुहेरी थर द्या. सगळीकडे परवडत नसेल तर खालचे तीन फूट आणि छताकडचा फूटभर तरी पाव इंची करा, पण मग मधल्या जाळीवर चढता येऊ नये म्हणून खालच्या पट्ट्याच्या वरच्या कडेला दीड फूट रुंद गुळगुळीत पत्रा फिरवावा लागतो. कोंबड्यांची षटकोनी जाळी, प्लास्टिक जाळी आणि शेडनेट या कामाला निरुपयोगी आहेत.

नवी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली) जाळी तशीच बसवू नका. तिच्यावर जस्ताची सैल पूड आणि थेंब असतात आणि चोचीने जाळी कुरतडणाऱ्या पक्ष्यांना जस्ताची विषबाधा होते. जाळी व्हिनेगरच्या पाण्याने आणि ताठ ब्रशने घासा, स्वच्छ धुवा, वाळवा आणि मगच लावा.

मातीची जमीन असेल तर कडेने दीड फूट खोल चर खणून त्यात जाळी उभी उतरवा आणि खाली फूटभर बाहेरच्या बाजूला काटकोनात वळवा. खणणारा प्राणी भिंतीलगत खणतो, आडव्या जाळीला अडला की सहसा मागे फिरून खणायला सुरुवात करत नाही. घूस असेल तर मात्र चार इंच काँक्रीटच हवं. जांभ्याच्या भिंतीत चिऱ्यांच्या सांध्यातली माती गळून पोकळ्या होतात, उंदीर तिथेच राहतो. त्या एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू अशा मालाने भरा. पत्र्याच्या छपराचं टोक विसरू नका. भिंतीवर टेकलेल्या प्रत्येक पन्हळीखाली एक उघडी अर्धगोल वाट असते आणि बहुतेक पक्षीघरांत हीच जागा राहून जाते.

लहान भोकात स्टेनलेस स्टीलची भांडी घासायची तारेची घासणी कोंबून वर सिमेंट मारा. साधी लोखंडी तार समुद्राकाठी एका पावसाळ्यात गंजून जाते. नुसता फोम भरला तर उंदीर तो कुरतडून आत घर करतो.

गॅलरीतल्या एकट्या पिंजऱ्याचं काम सोपं आहे. तो भिंतीपासून, पडद्यापासून, कुंड्यांपासून दीड फूट दूर टांगा किंवा गुळगुळीत लोखंडी स्टँडवर ठेवा आणि स्टँडच्या दांड्याला पत्र्याची उलटी शंकूसारखी टोपी बसवा. लहान उंदीर उभी फूटभर उडी मारतो, म्हणून टोपी जमिनीपासून किमान दोन फुटांवर हवी.

बजींना अंड्यांसाठी लावलेली मडकी आठवड्यातून एकदा दिवसा उघडून पाहा. रिकाम्या मडक्यात काथ्या, कागद, पिसं यांचा मऊ गोळा दिसला तर ते उंदराचं घर आहे. बजी काही विणत नाही, ती नुसत्या तळावर अंडी घालते. मडकं गच्च धरून बाहेर न्या, पक्षीघरात हलवू नका, नाहीतर उंदराची मादी उडी मारून निसटते.

सापळा

उंदीर आत असताना सगळ्या फटी बुजवल्या तर तो आतच अडकतो. म्हणून पकडण्याचं मुख्य काम बुजवल्यानंतरचं असलं तरी सापळे बुजवण्याच्या आदल्या आठवड्यापासूनच लावा आणि बुजवल्यावरही चालू ठेवा. एक सापळा पुरत नाही. लहान उंदीर आपल्या घरट्यापासून फार लांब जात नाही, त्यामुळे दर 2-3 मीटरला एक हवा. 10 बाय 10 फुटांच्या पक्षीघराला बाहेरून चारही बाजूंनी मिळून सहा चाप (खटका उडून उंदराला मारणारे सापळे) धरा. चाप भिंतीला काटकोनात आणि आमिषाची बाजू भिंतीकडे असावी.

आमिष राळ्याचं नको, ते त्यांना रोज मिळतं. वाटाण्याएवढी शेंगदाण्याच्या कुटाची आणि गुळाची गोळी, भाजलेलं सुकं खोबरं किंवा सुकटीचा तुकडा चालतो. तुकडा दोऱ्याने बांधा, नाहीतर चाप न उडवता नेतात. खाणं मुबलक असेल तर काथ्याचा किंवा कापसाचा पुंजका बांधून बघा, घर करणारी मादी त्यासाठी येते. लहान उंदराला नव्या वस्तूचं कुतूहल असतं, पहिल्या रात्रीच चाप लावा. मोठा उंदीर मात्र संशयी. त्याच्यासाठी पिंजरा तीन रात्री उघडा, दार बांधून, खाणं घालून ठेवा आणि चौथ्या रात्री लावा.

पक्षीघराच्या आत उघडा चाप कधीही नको. फूटभर लांब प्लायची बंद पेटी करा, दोन्ही टोकांना 2 सेंटीमीटरचं भोक पाडा आणि चाप भोकापासून चार इंच आत ठेवा. पक्ष्याची मान तिथवर पोचत नाही. उंदरांसाठी मिळणारी चिकटपट्टी आणूच नका. तिला पाल, चिमणी, तुमचाच फिंच चिकटतो आणि उंदीर तासन्‌तास तडफडतो.

विष का नको

ब्रोमाडिओलोनची वडी रक्त गोठू देत नाही. उंदीर ती खाल्ल्यावर काही दिवसांनी मरतो आणि तोवर तुकडे ओढून बिळात, दाण्यांच्या वाटीत, मडक्यात नेतो. तिथून ते पक्ष्याच्या चोचीत जातात. सुस्त झालेला उंदीर गव्हाणी घुबड किंवा शेजारचं मांजर खातं आणि तेही दगावू शकतं. झिंक फॉस्फाइड तर पोटातल्या आम्लाशी मिळून विषारी वायू सोडतं, पक्ष्याला थोड्या दाण्यांतही जीवघेणं ठरतं. पक्ष्याने वडी खाल्ल्याची शंका आली तर लक्षणांची वाट न बघता पाकिटासह पशुवैद्याकडे जा. ब्रोमाडिओलोनवर के1 जीवनसत्त्व हा उतारा आहे, पण औषध कोणतं ते कळल्याशिवाय तो देता येत नाही.

डांबराच्या गोळ्या, फिनाईल, धूर यांनी उंदराआधी पक्ष्यांना त्रास होतो, त्यांची श्वसनसंस्था फार नाजूक असते. आवाजाच्या यंत्रांना उंदीर लवकरच सरावतात. मांजर पाळणं हा उपाय नाही. मांजराचा नुसता ओरखडा किंवा लाळ लागली तरी पक्षी जंतुसंसर्गाने मरू शकतो.

साफसफाई आणि नंतरचं लक्ष

वाळलेल्या लेंड्या झाडू नका, धूळ नाकात जाते. पक्षी आधी दुसऱ्या खोलीत न्या. मास्क आणि रबरी हातमोजे घाला. एक भाग ब्लीच, दहा भाग पाणी असं द्रावण शिंपडून पाच मिनिटं थांबा, ओल्या फडक्याने पुसा, धुवा, उन्हात वाळवा. वास पूर्ण गेल्यावरच पक्षी परत आणा. पावसाळ्यात हे काम अनवाणी करू नका. उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो आणि पायावरची छोटी जखमही त्याला पुरते. अशा कामानंतर ताप आला तर उंदरांच्या घाणीचं डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

शेवटचा उंदीर पकडल्यावर सापळे आवरू नका, रांगोळीचा पट्टाही आठवड्यातून दोनदा टाकत राहा, सहा आठवडे. उंदराची मादी 19 ते 21 दिवसांत विते आणि पिल्लं बाहेर फिरायला आणखी तीनेक आठवडे लागतात. एखादी गाभण मादी निसटली असेल तर तिच्या पिल्लांची पावलं रांगोळीत तेव्हाच उमटतील.