तोंडी सांगू नका, पोच घ्या

साथीच्या दिवसांत सुपरवायझरला तोंडी सांगितलेलं वाऱ्यावर जातं. 2020 मध्ये बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या फौंड्रीत साबणासाठी आठवडाभर तोंड वाजवलं, मग तक्रारीचा कागद दिला.

1. मोघम लिहू नका. तारीख, पाळी, जागा घाला: ‘हजेरीच्या पंचिंग मशीनपाशी एकाच वेळी चाळीस जण, नळावर साबण नाही. दोन पाळ्यांत दहा मिनिटांचं अंतर ठेवा.’
2. सह्या गोलाकार करा, म्हणजे पहिली कुणाची ते कळत नाही. (आमच्या मिस्त्रींची युक्ती!)
3. दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घ्या. नाही दिला तर पोचपावतीसह पोस्टानं पाठवा.
4. कन्नड प्रतही करा. फॅक्टरी इन्स्पेक्टरकडे जायची वेळ आली तर ती उपयोगी पडते.

कागद दिला म्हणून परस्पर घरी बसू नका, गैरहजेरी लागते.