तारेवरून नोंदवहीकडे : कार्यालयातील फोन सांभाळणाऱ्या नवख्यांसाठी

मी या कामात शिरलो तेव्हा फोर्टमधल्या जुन्या इमारतींत ईपीएबीएक्सच्या (कार्यालयातले फोन एकमेकांशी आणि बाहेरच्या लाइनशी जोडणाऱ्या यंत्राच्या) पेटीशेजारी क्रोन मोड्यूल (तारा खोचायच्या पट्ट्या) आणि त्यांना जोडणाऱ्या जंपरच्या तारांचा गुंता असे, आणि कोणाची बसण्याची जागा बदलली की पंचिंग टूल (तार पट्टीत खोचण्याचे हत्यार) घेऊन त्याच्या तारांची जोडी हलवावी लागे. तेव्हा एक्स्टेन्शन, म्हणजे कार्यालयातला अंतर्गत नंबर, तारेला बांधलेले होते. आयपी फोन (संगणकाच्या नेटवर्कवर चालणारा फोन) मात्र ज्या सॉकेटला लावाल तिथून सर्व्हरकडे स्वतःची नोंदणी करतो आणि आपला नंबर सोबत घेऊन जातो. नवख्यांना हे सोपे वाटते. माझ्या मते काम इथेच अवघड झाले, कारण पूर्वी तार धरून जे शोधता येत असे, ते आता नोंदवही नीट असेल तरच सापडते.

त्या नोंदवहीत प्रत्येक फोनचा मॅक पत्ता (कारखान्यातून आलेली त्याची नेटवर्कवरची ओळख), एक्स्टेन्शन, वापरणाऱ्याचे नाव आणि स्विचचे (नेटवर्कच्या केबल जिथे एकत्र येतात त्या पेटीचे) पोर्ट या चार गोष्टी एका ओळीत हव्यात. लोअर परळमधल्या एका कार्यालयाचा मजला शनिवार-रविवारी हलवायचा होता आणि साठेक नवे फोन लावायचे होते, तेव्हा मी खोक्यांवरचे मॅक पत्ते हाताने उतरवून घेतले. पत्ता १२ अक्षरांचा, त्यात आकडे आणि ए ते एफ ही रोमन अक्षरे; दोन खोक्यांचे पत्ते शेवटच्या अक्षरापर्यंत सारखे, एकाच्या शेवटी बी आणि दुसऱ्याच्या शेवटी इंग्रजी आठ. बारीक छपाईत मी त्यांची अदलाबदल केली. सोमवारी सकाळी लेखा विभागाच्या प्रमुखांचे फोन स्टोअरमध्ये वाजू लागले, आणि तिथल्या काकांनी ‘राँग नंबर’ म्हणून दोनदा ठेवूनही दिले. तेव्हापासून मी बारकोड स्कॅन केल्याशिवाय फोन खोक्याबाहेर काढत नाही.

‘फोन बंद आहे’ या तक्रारीवर लगेच जिना चढू नये. आधी विचारावे, “साहेब, स्क्रीनवर काही दिसतंय का?” स्क्रीन काळी असेल तर केबल किंवा स्विचकडून मिळणारी वीज पाहावी. पीओईच्या (नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देण्याच्या) ८०२.३एएफ मानकानुसार एका पोर्टवर कमाल १५.४ वॅट मिळतात, पण सगळ्या पोर्टांना एकाच वेळी तेवढे देण्याची ताकद प्रत्येक स्विचमध्ये नसते, हे खरेदीच्या वेळी कोणी सांगत नाही. स्क्रीन उजळलेली असून नोंदणी होत नसेल तर व्हीएलएएन (फोनसाठी वेगळा ठेवलेला नेटवर्कचा भाग), डीएचसीपी (फोनला आयपी पत्ता देणारी सेवा) आणि पासवर्ड तपासावा. घंटी वाजते, फोन उचलला जातो, पण आवाज एकाच बाजूला पोहोचतो, ही तक्रार नवख्याला सर्वांत जास्त छळते. कॉल जोडण्याचे काम एसआयपी हा प्रोटोकॉल करतो आणि आवाज आरटीपी या दुसऱ्या प्रोटोकॉलच्या वेगळ्या पोर्टांवरून जातो, त्यामुळे फायरवॉलने (नेटवर्कच्या दारावरच्या पहारेकऱ्याने) पहिल्याला वाट दिली आणि दुसऱ्याला एका दिशेने अडवले की हेच घडते. अशा वेळी हँडसेट बदलत बसण्यात अर्थ नसतो.

लिफ्टमधला फोन, वॉचमनच्या केबिनमधला फोन आणि एखादे फॅक्स यंत्र बऱ्याचदा अजूनही अॅनालॉग, म्हणजे जुन्या पद्धतीचे, असते आणि एटीए या छोट्या अडॅप्टरमार्फत नेटवर्कला जोडलेले असते. नव्या सर्व्हरवर जाताना नेमके तेच विसरले जाते.

पासवर्डबद्दल मी जरा कडक आहे. २००१ या एक्स्टेन्शनचा पासवर्डही २००१ ठेवलेला मी पाहिला आहे, आणि त्याच जागी एका रात्रीत परदेशी कॉलचे भलेमोठे बिल आलेलेही पाहिले आहे. आयएसडी (परदेशी कॉलची सोय) सर्वांना बंद ठेवून ज्याला गरज आहे त्यालाच लेखी मागणीवर सुरू करावे. नोकरी सोडलेल्याच्या मोबाइलमधला सॉफ्टफोन (एक्स्टेन्शन चालवणारे ॲप) तर आपण काढल्याशिवाय निघत नाही. टेबलावरचा फोन परत येतो, ॲप मात्र त्याच्यासोबत विरार लोकलने घरी जाते. म्हणून एचआरकडून सोडून गेलेल्यांची यादी दर सोमवारी मागून घ्यावी आणि ती नोंदवहीशी ताडून त्याच दिवशी त्या एक्स्टेन्शनचे पासवर्ड बदलावेत.