सिग्नल फ्रेम ओलांडायची, तर आकार मोजू नका. जतन केलेला आरएसपी वाचा

वणीकडच्या एखाद्या जिनिंगमध्ये वजनकाट्याचा प्रोग्राम कोसळला, तर कोअर फाइलसोबत (कोसळतानाच्या मेमरीची नक्कल) तिथलीच बायनरी आणि तिथलीच लिबसी (सी लायब्ररी) पेनड्राइव्हवर घ्या. कापसाच्या गाड्या रांगेत असताना त्या संगणकाला दुसऱ्यांदा हात लावायला मिळत नाही. पुढचं सगळं ६४-बिट इंटेल-एएमडी लिनक्सचं आहे.

जीडीबी या डीबगरमध्ये कोअर उघडा, 'बीटी' द्या; कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्याची यादी, म्हणजे बॅकट्रेस, येते. यादीतली एकेक ओळ म्हणजे स्टॅकवरची एकेक फ्रेम. टोकदार कंसात 'सिग्नल हँडलर कॉल्ड' लिहिलेली ओळ ही सिग्नल फ्रेम: सिग्नल आल्यावर हँडलर चालवण्याआधी कर्नल स्टॅकवर जी माहिती जतन करतो ती. तिचा क्रमांक 'फ्रेम' आज्ञेला द्या.

लोक फसतात ते इथून पुढे. "४४० बाइट मिळवा, मागची फ्रेम सापडते" हा सल्ला चुकीचा आहे. ४४० हा आकडा खरा, पण तो फक्त परतीचा पत्ता (८), यूकॉन्टेक्स्ट म्हणजे जतन केलेली रजिस्टर वगैरे (३०४) आणि सिगइन्फो म्हणजे सिग्नलची माहिती (१२८) यांचा. कर्नल आधी १२८ बाइटचा रेड झोन (फंक्शन वापरत असू शकेल अशी स्टॅकच्या टोकाखालची जागा) सोडतो, मग एक्ससेव्हची, म्हणजे फ्लोटिंग पॉइंट आणि व्हेक्टर रजिस्टर जतन करायची, जागा घेतो. ती प्रोसेसरवर ठरते: एव्हीएक्स (मोठ्या व्हेक्टर रजिस्टरांची सोय) असेल तर साधारण ८३२, इंटेलवर एव्हीएक्स-५१२ असेल तर २६८८ किंवा थोडी जास्त. वर अलाइनमेंटची भर. म्हणजे तुमच्या लॅपटॉपवर जमलेला हिशोब काट्यावरच्या संगणकाला लागू होईलच असं नाही.

जीडीबी ही बेरीज करतच नाही. शेतातले नांगराचे तास मोजत बसण्यापेक्षा धुऱ्यावरचा दगड पाहावा, तसं ते थेट कर्नलने जतन केलेले रजिस्टर वाचतं. तुम्हीही तेच करा. सिग्नल फ्रेम निवडलेली असताना आरएसपी (स्टॅकचं टोक दाखवणारं रजिस्टर) यूकॉन्टेक्स्टच्या सुरुवातीवर असतो. तिथून १६० बाइटवर जुना आरएसपी आणि १६८ वर जुना आरआयपी (चालू सूचनेचा पत्ता). मेमरी दाखवणाऱ्या 'एक्स' आज्ञेने हे दोन्ही पाहा, 'बीटी'तल्या पुढच्या क्रमांकाच्या फ्रेमशी ताडा. जुळले नाहीत तर स्टॅकवर काहीतरी लिहिलं गेलंय किंवा लिबसी चुकीची आहे.

ही फ्रेम ओळखू येते ती परतीच्या पत्त्यावरच्या दोन सूचनांवरून: आरएएक्स रजिस्टरमध्ये १५ टाका, सिसकॉल करा (कर्नलला हाक द्या). किंवा अनवाइंड माहितीतल्या (एका फ्रेमवरून मागच्या फ्रेमवर कसं जायचं ते सांगणाऱ्या तक्त्यातल्या) 'एस' या खुणेवरून. ती खूण आणखी एक गोष्ट सांगते. एरवी परतीच्या पत्त्यातून १ वजा करून ओळ शोधतात, कारण कॉल मागे राहिलेला असतो. सिग्नलने थांबवलेल्या फ्रेममध्ये आरआयपी नेमका थांबलेल्या सूचनेवर असतो. तिथे १ वजा केला की ओळ चुकते, कधी अख्खं फंक्शनच. स्वतःचा बॅकट्रेस छापणाऱ्यांनी हे अपवाद म्हणून लिहावंच.

दोन्ही आरएसपींची वजाबाकी करून जागा किती लागली ते कळतं, पण हँडलर सिगऑल्टस्टॅकवर (सिग्नलसाठी दिलेल्या वेगळ्या स्टॅकवर) चालत असेल तर त्या वजाबाकीला अर्थ नाही. स्टॅकच दोन आहेत. त्या वेगळ्या स्टॅकला २०४८ बाइट ठोकून ठेवू नका, एव्हीएक्स-५१२ वर ते पुरत नाहीत. ग्लिबसी (लिनक्सवरची नेहमीची लिबसी) २.३४ पासून किती बाइट लागतात हा आकडा सिसकॉन्फ या फंक्शनला विचारता येतो.